पप्पांच्या पाठीतलं मशीन : पाठदुखी, मज्जारज्जू आणि परिसर अभ्यासाचा एक तास



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. विषय आपल्या शरीराचा, हाडं, सांधे, पाठीचा कणा. एक मुलगा आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या पप्पांच्या पाठीत मशीन बसवणार आहेत. रिमोटवर चालतं." वर्ग हसला. मागच्या रांगेतून कुणीतरी "रोबोट, रोबोट" म्हणालं. तो पोरगा खाली बसला तो दिवसभर बोललाच नाही. डबासुद्धा अर्धा परत नेला.

त्याच्या वडिलांना मी ओळखते. ट्रक चालवतात. हंगामात ऊस, एरवी रांजणगाव एमआयडीसीतला माल. पालक सभेत सगळे सतरंजीवर बसलेले असतात, हे मात्र तासभर खिडकीचा गज धरून उभे असतात. आधी मला वाटायचं घाई असेल. नंतर कळलं, बसताच येत नाही. शाळा सुटल्यावर त्यांना थांबवलं तर म्हणाले, "मॅडम, दोनदा ऑपरेशन झालं. पायातली आग काय जात नाही. आता डॉक्टर म्हणत्यात मशीन बसवू. लाखांचं काम हाय. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा, बसवू का नको?"

मी डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका. बसवा की नका बसवू हे मी कसं सांगणार? पण ते मशीन काय आहे, कसं चालतं, त्याबद्दल कुठे एकमत आहे आणि कुठे वाद आहे, एवढं तर वाचून समजून घेता येतं. तेच इथे मांडते. वर्गात हा विषय कसा घेतला तेही सांगते, कारण तुमच्याही वर्गात असं एखादं घर असणार. आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात कंबर धरून उठणारी माणसं काय कमी आहेत? उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाया, गुऱ्हाळावरचे गडी, कुरकुंभच्या कंपनीत बारा-बारा तास उभे राहणारे कामगार, न्हावरा-चौफुला रस्त्यावर रोज मोटारसायकल हाणणारे आपले शिक्षकसुद्धा.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे सर्रास म्हणतात, "मणक्यात गॅप पडलाय." खरं तर होतं उलटं. दोन मणक्यांच्या मधे रबरासारखी चकती असते. ती झिजली की मणक्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. चकती बाहेर सरकून शेजारच्या नसेवर दाबली तर कंबरेपासून पायात कळ जाते. पण एमआरआयच्या रिपोर्टमध्ये चकती झिजलेली दिसली म्हणजे दुखण्याचं कारण तेच, असंही नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकीही ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, आणि ऐंशीच्या घरात तर ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे केस पिकावेत तशी ही झीज बऱ्याच अंशी वयाचीच असते. रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले पालक भेटले की मी एवढं नक्की सांगते.

बहुतेकांची पाठदुखी काही आठवड्यांत कमी होते. तीन महिन्यांहून जास्त टिकली की डॉक्टर तिला जुनाट किंवा दीर्घकालीन म्हणतात. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. यातल्या बहुसंख्य लोकांचा मशीनशी काही संबंध येत नाही, यायलाही नको. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणं, मानसिक आधाराचे उपचार आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या यांना जागा आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून ताणणं म्हणजे ट्रॅक्शन, आणि अफूच्या जातीची औषधं ही नेहमीच्या उपचारात नकोत असं स्पष्ट म्हटलंय. आता आपल्याकडे बघा, पाठ दुखली की पहिली खरेदी पट्ट्याची! आमच्या स्टाफरूममध्येच दोन पट्टे आहेत.

मग मशीन कुणासाठी? मुख्यतः अशांसाठी, ज्यांचं ऑपरेशन होऊनही दुखणं राहिलं, विशेषतः पायातली नसेची आग, मुंग्या, करंट मारल्यासारखी कळ. नसेवरचा दाब काढला तरी नस 'दुखतंय, दुखतंय' असा निरोप पाठवतच राहते. शाळा सुटली, पोरं घरी गेली, तरी घंटा वाजतेच आहे, तसं. तिथे पुन्हा पुन्हा कापाकापी करून उपयोग होत नाही. तिथे निरोपाच्या वाटेवरच काहीतरी करावं लागतं.

ही निरोपाची वाट मुलांना कशी सांगायची, यावर मी दोन दिवस डोकं चालवलं. शेवटी दौंड जंक्शन कामाला आलं.

आपल्या शरीरात स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान असतात. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर. खोल, जळजळणारं दुखणं नेणाऱ्या नसा मात्र अगदी बारीक, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. म्हणजे आपण चालतो तेवढाच! मोठ्या माणसाच्या पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंत अंतर साधारण एक मीटर धरा. ५० मीटरच्या वेगाने स्पर्शाचा निरोप एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोचतो, एक मीटरच्या वेगाने दुखण्याचा निरोप पोचायला एक सेकंद लागतो. (पाचवी-सहावीला हे गणित म्हणून द्या, मुलं आनंदाने करतात.) अंगठ्याला ठेच लागल्यावर आधी 'लागलं' हे कळतं, आणि मग क्षणभराने खरी कळ वर येते, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

आता पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू म्हणजे जंक्शन. पुण्याकडून, सोलापूरकडून, मनमाडकडून, बारामतीकडून गाड्या येतात. एक्स्प्रेस यायची असेल तर पॅसेंजर आउटरला उभी करतात. आमच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही, प्रत्येकाने आउटरला तास घालवलेला आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात जवळपास हीच कल्पना मांडली. मज्जारज्जूत एक फाटक आहे, वेगवान स्पर्शाचे निरोप भरपूर आले की ते दुखण्याच्या निरोपाला अडवतं. त्यांच्या मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण फाटकाची मूळ कल्पना टिकली. पोरगं पडलं की आई तिथे चोळते, फुंकर घालते. ती काय करत असते? एक्स्प्रेस सोडत असते!

मैदानावर हा खेळ घेतला. कडुनिंबाचं झाड म्हणजे मेंदू. मधे दोन खडूच्या रेघा म्हणजे फाटक, तिथे एक फाटकवाला. काही मुलं 'दुखणं' झाली. त्यांनी टाचेला चवडा लावत चालायचं. काही मुलं 'स्पर्श', त्यांनी पळायचं. नियम एकच, फाटकात स्पर्श असेल तर दुखण्याने थांबायचं. आधी स्पर्शाला बसवून ठेवलं. एका मिनिटात अकरा दुखणी झाडाला शिवली. मग स्पर्शवाल्यांना गोल गोल पळायला सोडलं, तेव्हा चारच पोचली. मी मुद्दाम त्या मुलाला फाटकवाला केलं होतं. त्याने इतक्या जोरात "थांब रे!" म्हणून सगळ्यांना अडवलं की बाकीची पोरं रुसली.

खेळ संपल्यावर सांगितलं, "पप्पांच्या पाठीत बसवतात ते मशीन हेच करतं. रोबोट नाही, फाटकवाला."

विजेने दुखणं कमी होतं हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने संधिवातासारख्या पायदुखीवर आणि डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा समुद्री मासा लावायला सांगितला होता. मुलांना हा भाग सर्वांत जास्त आवडला हे वेगळं सांगायला नको. नंतर कितीतरी शतकं गेली. १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात डॉ. नॉर्मन शीली यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या मज्जारज्जूपाशी विजेचा इलेक्ट्रोड बसवला. रुग्ण सत्तर वर्षांचा, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्रासलेला होता. ते यंत्र तयार करण्यात थॉमस मॉर्टिमर हा तेव्हा शिकत असलेला अभियंता होता. म्हणजे फाटकाची कल्पना कागदावर आली आणि दोन वर्षांत माणसाच्या अंगात गेली. आज हे काम भारतातही होतं. मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमधले न्यूरोसर्जन डॉ. परेश दोशी हे या प्रकारच्या उपचारांतलं एक माहितीतलं नाव. पुण्यातही हे तंत्र आलेलं आहे.

आता मशीन. इंग्रजीतलं नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. हृदयाचा पेसमेकर पाहिला असेल तर समजायला सोपं. एक बारीक तार, तिच्या टोकाला विजेचे छोटे छोटे ठिपके, बऱ्याचदा आठ. वेदनारहित बाळंतपणासाठी ज्या पोकळीत एपिड्युरल देतात त्याच पोकळीत, पण पाठीत बरीच वर, ही तार सरकवतात. ती मज्जारज्जूच्या आत जात नाही, त्याच्या आवरणाबाहेर राहते. हे ऐकून वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. तारेचं दुसरं टोक कातडीखालून बॅटरीला जोडतात. बॅटरी घड्याळाच्या डबीएवढी, कुल्ल्याच्या वरच्या भागात किंवा पोटाच्या बाजूला कातडीखाली असते. रिमोटने जोर कमी-जास्त करायचा. जुन्या पद्धतीत दुखऱ्या जागी मुंग्यांसारखं जाणवतं. नव्या काही पद्धतींत, उदाहरणार्थ सेकंदाला दहा हजार वेळा ठोके देणाऱ्या, काहीच जाणवत नाही.

यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे आधी चाचणी असते. फक्त तार आत, बॅटरी बाहेर पट्ट्याला बांधलेली. साधारण पाच-सात दिवस माणसाने घरी राहून बघायचं. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं तर पुढे जायचं, नाहीतर तार काढून टाकायची. आमच्या भाषेत घटक चाचणी. तेव्हा पालकांना माझं सांगणं असं, की चाचणीच्या दिवसांत रोजची वही ठेवा. आज किती पावलं चाललो, किती वेळ बसलो, रात्री किती वेळा उठलो, किती गोळ्या घेतल्या. 'बरं वाटतंय' एवढ्यावर लाखांचा निर्णय घेऊ नका. पैसे खर्चून काही केलं की आठवडाभर सगळ्यांनाच बरं वाटतं, हा मनाचा स्वभाव आहे.

आणि इथेच वादाचा भाग येतो. तो लपवून ठेवला तर हा लेख जाहिरात होईल. २००७ साली कॅनडातल्या डॉ. कृष्णा कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण. ज्यांना मशीन दिलं त्यांच्यातल्या ४८ टक्क्यांचं पायातलं दुखणं सहा महिन्यांनी निम्म्याने किंवा जास्त कमी झालं, नुसत्या औषधोपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. मोठा फरक! पण त्या अभ्यासाला मशीन बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, आणि कुणाला मशीन मिळालंय हे सगळ्यांना माहीत होतं. मग २०२२ मध्ये नॉर्वेत ५० रुग्णांवर वेगळा प्रयोग झाला. सगळ्यांना मशीन बसवलेलं, पण काही काळ चालू आणि काही काळ गुपचूप बंद, रुग्णाला पत्ता नाही. चालू असताना आणि बंद असताना त्यांच्या हालचालींत आणि दुखण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने १३ अभ्यास, ६९९ रुग्ण तपासून म्हटलं की कंबरदुखीसाठी या मशीनचा टिकाऊ फायदा दिसत नाही. यावर हे मशीन बसवणाऱ्या अनेक डॉक्टरांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, नॉर्वेत वापरलेली एकच पद्धत म्हणजे सगळी मशिनं नव्हेत.

माझं मत विचाराल तर, नुसती कंबर दुखते म्हणून या वाटेला जाऊ नये. पायातली नसेची आग हे मुख्य दुखणं असेल, बाकी सगळं करून झालं असेल, चाचणीत वहीवर फरक दिसला असेल, तर विचार करण्यासारखं आहे. आणि शेत विकून तर नाहीच. वडिलांनी हळूच "अर्धा एकर काढावा लागंल" असं म्हटलं होतं, म्हणून हे लिहिते. बॅटरीसुद्धा जन्माची नसते. चार्ज न होणारी काही वर्षांत बदलावी लागते, चार्ज होणारी साधारण दहा वर्षं किंवा जरा जास्त. म्हणजे खर्च एकदाच नाही. तार सरकणं, जखमेत जंतू होणं, बॅटरीच्या जागी दुखणं, आणि काही वर्षांनी परिणाम ओसरणं, हेही घडतं. डॉक्टरांना हे सगळं विचारायला लाजू नका. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याने पहिले डॉक्टर रागावत असतील तर तीही एक माहितीच समजा.

ट्रकवाल्या वडिलांसाठी एक मुद्दा वेगळाच निघाला, आणि तो त्यांना तोवर कुणी सांगितलेला नव्हता. मुंग्या जाणवणाऱ्या मशीनमध्ये अचानक हलल्याने झटका वाढू शकतो, म्हणून गाडी चालवताना ते बंद ठेवायला सांगतात. ज्याची दिवसातली दहा तास ड्रायव्हिंग, त्याचं मशीन दहा तास बंद! मुंग्या न जाणवणाऱ्या प्रकारात असं नसू शकतं. हे आधी विचारलंच पाहिजे. ते ऐकून वडील बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे बरं झालं कळलं."

अजून दोन-तीन व्यवहारातल्या गोष्टी. मशीन बसवलेल्याने फिजिओथेरपीतला डायथर्मी नावाचा खोल शेक कधीच घ्यायचा नाही. त्या लहरींनी तार तापून इजा होते. तालुक्याच्या गावात गल्लोगल्ली हा शेक देतात, म्हणून घरच्या सगळ्यांना हे पाठ असू द्या. एमआरआय करण्याआधी मशीनचं कार्ड दाखवायचं, काही मशीनना ठरावीक अटींवरच चालतो. देवस्थानात, मॉलमध्ये मेटल डिटेक्टरच्या दारात उभं राहू नये, कार्ड दाखवून बाजूने जावं. वेल्डिंगचं काम असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पहिले काही आठवडे वाकणं, पिळणं, ओझं उचलणं बंद, नाहीतर तार जागेवरून हलते. म्हणजे हंगामाच्या तोंडावर बसवून घेऊ नये हे ओघानं आलंच.

आणि हे मशीनशी संबंधित नाही, पण सांगायलाच हवं. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधे बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठा दवाखाना गाठायचा.

शिक्षकांसाठी थोडं. दुखणं दिसत नाही, म्हणून मुलांना ते खोटं वाटतं. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, त्यावर नावं लिहिता येतात. पाठदुखीवाले पप्पा मात्र बाहेरून धडधाकट, आणि तरी खांद्यावर घेत नाहीत, क्रिकेट खेळत नाहीत, चिडतात. पोराला वाटतं आपल्यावरच राग आहे. या मुलाने नंतर मला एकट्याला गाठून विचारलं, "मी लहानपणी पप्पांच्या पाठीवर घोडा घोडा बसायचो, त्यानं झालं का?" मला क्षणभर बोलता आलं नाही. मी नाही म्हटलं, आणि का नाही ते कण्याच्या चित्रावर दाखवलं. घरात कुणी आजारी असेल तर मूल असा काही हिशेब मनात मांडून बसलेलं असू शकतं. एकदा बाजूला घेऊन विचारून बघा.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नपेटी ठेवली. अठ्ठावीस चिठ्ठ्या आल्या. "मशीनवाल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो का?" नाही. "पावसात भिजलं तर?" जखम भरल्यावर काही होत नाही, सगळं कातडीच्या आत आहे. "रिमोटने टीव्ही लागतो का?" नाही, विचारून तर बघायला हवंच होतं.

एक चिठ्ठी चार घड्या केलेली होती. अक्षर माझ्या ओळखीचं. "मॅडम, चार्जिंग संपलं तर पप्पा बंद पडतील का?"

ती मोठ्याने वाचली नाही. मधल्या सुट्टीत त्याला ओट्यावर बसवून सांगितलं, हे हृदयाचं मशीन नाही. चार्जिंग संपलं तर फाटकवाला झोपतो, पॅसेंजर परत सुरू होते, पप्पांचे पाय दुखायला लागतात. पप्पा बंद पडत नाहीत. चार्जर लावला की फाटकवाला उठतो.

त्याने विचार केला आणि म्हणाला, "पण आमच्याकडे लाईट रात्री जाते."

चार्जर आधी लाईट असताना भरून ठेवायचा आणि मग पाठीवर लावायचा, असं सांगितलं. तो म्हणाला, ते काम मी करीन.